वीतभर

संत्र्याचा डोळा जमिनीपासून वीतभर उंच बांधायचा. अंगठा मातीला टेकवायचा, पंजा ताणायचा आणि करंगळी जिथे पोचेल तिथे चाकू लावायचा. खाली जंभेरी लिंबाचा खुंट, वर संत्र्याचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब. जंभेरी ओल सोसते, संत्र्याची साल सोसत नाही. जोड मातीत गेला की झाड गेलं. लगेच नाही जात. पाच-सहा वर्षांनी, ऐन फळावर आल्यावर जातं.

देवरावांनी हे चाळीस वर्षं सांगितलं आणि चाळीस वर्षं केलं. वरूडकडे घर तिथे नर्सरी, त्यामुळे डोळे बांधणारेही गल्लोगल्ली. पण देवरावांनी बांधलेला डोळा वाया जात नाही, असं थेट नांदगाव खंडेश्वरहून रोपं न्यायला आलेले बागवालेसुद्धा म्हणायचे. कामाला बसण्याआधी ते साबणाने हात धुवायचे. मग दुपारच्या भाकरीपर्यंत विडी नाही, तंबाखू नाही. लोक हसायचे. "देवराव डोळा बांधते का आपरेशन करते?" देवराव मान वर न करता म्हणायचे, "झाडाले बी जखमच होते ना बाप्पा."

माणूस तोंडाचाही तसाच. नर्सरीचे मालक खुशालराव यांनी एका वर्षी आपल्या नव्या बागेचं पहिलं फळ चार पाहुण्यांसमोर मोठ्या मानाने देवरावांच्या हातात दिलं. देवरावांनी एक फोड खाल्ली आणि म्हणाले, "आंबट हाय." पाहुणे गेल्यावर खुशालराव आठवडाभर बोलले नाहीत. देवरावांना त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्यांच्या वावरात लाखो झाडं उभी केल्यावर उतारवयात त्यांनी गावाबाहेर नाल्याकाठचं दोन एकर वावर घेतलं. तिथे आपली बाग लावायची आणि तिचं एक फळ खायचं, एवढीच हौस उरली होती. पण वावर आलं आणि नजर गेली. काचबिंदू. आधी कडेकडेचं दिसेना, मग समोरचंही. गुडघेही धरले. मग बाग लावायची ती मुलानेच, धर्मेंद्रने.

धर्मेंद्रचा हात वाईट नव्हता. चाकू हलका चालायचा, डोळा अलगद निघायचा. त्याची आई इंदूबाई मात्र म्हणायची, "हात बापाचा घेतला यानं, बूड कोणाचं घेतलं काय मालूम!" त्याला एका जागी बसवत नसे. दर दीड तासाने पानठेल्यावर जाऊन तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून आणायचा, तो तिथेच उभं राहून अर्धा संपवायचा, कोणी भेटलं की बोलायचं. वाईट काही नाही. दारू नाही, जुगार नाही, बायकोवर हात उगारणं नाही. गावात कोणालाही विचारलं असतं तर म्हणाले असते, धर्मेंद्र गुणाचा पोरगा.

खुशालरावांच्या नर्सरीत तो आणि त्याची बायको ज्योत्स्ना जोडीने ओळीवर बसायची. तो डोळा बसवायचा आणि पुढे सरकायचा, ती मागून प्लास्टिकची पट्टी गुंडाळत यायची. दोघांच्या बुडाखाली एकेक पोतं. दिवसभर पोतं ओढत ओढत मैलभर जमीन व्हायची, आणि उठताना ज्योत्स्नाची कंबर लवकर सरळ व्हायची नाही.

त्यामुळे डोळे खाली यायला लागले ते सगळ्यांत आधी तिला दिसलं.

करोनाच्या आदल्या सालची गोष्ट. एका दुपारी जंभेरीची रोपं जरा बारीक होती. वीतभर उंचीवर साल सुटेना, बुडाशी मात्र केळीसारखी सुटत होती. धर्मेंद्रने चाकू दोन बोटं खाली लावला.

"अवो, हा खाली गेला," ज्योत्स्ना म्हणाली.

"किती?"

"दोन बोटं."

"चालते."

डोळा धरला, फुटला, वाढला. काहीच झालं नाही, आणि हेच वाईट झालं. पुढच्या आठवड्यात दोन बोटांची तीन बोटं झाली. सकाळी पहिली ओळ वीतभर व्हायची, कारण सकाळी अंग ताजं असायचं आणि घरून बापाचा आवाज कानात घेऊन आलेला असायचा. दुपारनंतर वीत मोजणं सुटायचं. खर्रा चोळलेले हात पँटला पुसून तो परत बसायचा. ज्योत्स्ना एकदा बोलली, दोनदा बोलली. तिसऱ्यांदा तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि मग तेही सोडलं. बाईमाणूस रोजच्या रोज किती बोलणार?

संध्याकाळी देवराव अंगणात बाजेवर बसलेले असायचे. पावलं ओळखून विचारायचे,

"किती झाले आज?"

"आठशे."

"वीतभर ना?"

"हाव बाबा."

तेवढं ऐकलं की ते जेवायला उठायचे. हे रोजचं होतं. धर्मेंद्र खोटं बोलतोय असं त्याला स्वतःलाही वाटत नसे. सकाळची ओळ वीतभर असायचीच की.

त्याच हिवाळ्यात खुशालरावांनी चार वाफे देवरावांच्या वावरासाठी सोडले. "आपल्या हातानं बांध," ते धर्मेंद्रला म्हणाले. "देवरावचं वावर हाय. झाडं दिसले पायजेत लोकाईले."

त्या दिवशी सकाळी धर्मेंद्रने साबण नेला होता. नळावर कोपरापर्यंत हात धुतले. सासऱ्यांची तऱ्हा पाहून ज्योत्स्ना हसली, "आज मामाजी आलेत वाटते ओळीवर!" तोही हसला. पहिली ओळ पंचवीस रोपांची. प्रत्येक रोपाला अंगठा टेकवून, पंजा ताणून त्याने डोळा बसवला. अशी ओळ देवरावांनी पाहिली असती तर पाठीवर हात ठेवला असता. ज्योत्स्नाने पट्ट्याही सावकाश, एकावर एक नीट चढवल्या. त्या सकाळी ती दोघं फार सुखात होती.

दहा वाजता तो खर्रा आणायला गेला. पानठेल्यावर कळलं की आज गावात कबड्डीचे सामने आहेत, संध्याकाळी चारला फायनल. तो परत आला तेव्हा बारा वाजायला आले होते. वाफे आजच संपवून सामना गाठायचा, असं त्याने मनात धरलं. पुढे खरं तर त्याने काही ठरवलं नाही. हात आपणहून खाली गेला आणि बुडापासून चार बोटांवर जाऊन थांबला, जसा इतके दिवस थांबत होता.

ज्योत्स्नाने पट्टी हातात धरली पण गुंडाळली नाही.

"हे आपले हायत," ती म्हणाली.

"मले नाही मालूम काय?"

"मंग वर बांधा ना. सामना काय पळून चालला?"

"लावताना ओटे करू. उंचावर लावू समदे. जोड मातीले लागतच नाही मंग. चालते."

ऊन मानेवर आलं होतं, पुढे तीन वाफे होते आणि घरी गेल्यावर भाकरी थापायच्या होत्या. तिने पट्टी गुंडाळली. एक गुंडाळली आणि मग सगळ्याच गुंडाळल्या. पुढे जेव्हा जेव्हा तिला हे आठवलं, तेव्हा धर्मेंद्रचा चाकू आठवला नाही. आपली पट्टी आठवली.

पावसाळ्यात रोपं वावरात आली. ओटे करायचे म्हणजे प्रत्येक खड्ड्यावर फावड्याने मातीचा उंचवटा घालायचा आणि त्यावर रोप लावायचं. धर्मेंद्रने धुऱ्यालगतच्या, म्हणजे बांधाकडेच्या, पहिल्या ओळीचे ओटे केले. मग पाऊस आला, फावड्याला चिखल डसायला लागला, खांदे भरून आले. "बाकीचे सपाटच लावू. मागून माती ओढू बाजूले," तो म्हणाला. मागून म्हणजे कधी, हे कोणी विचारलं नाही.

त्या दिवशी देवराव हट्टाने वावरात आले होते. त्यांना धुऱ्यावरच्या बाभळीखाली पोतं अंथरून बसवलं होतं, डोक्यावर छत्री. रोपांच्या गाडीचा आवाज आला तसे ते म्हणाले, "धर्मा, एक रोप दे रे हाती."

धर्मेंद्रने गाडीत पाहिलं. वरच्या थरात सगळी दुपारची रोपं होती. त्याने ती बाजूला सारली आणि खालून पहिल्या ओळीतलं एक रोप काढून बापाच्या हातात दिलं. ज्योत्स्ना टोपली घेऊन तिथेच उभी होती. तिने पाहिलं आणि टोपली डोक्यावर चढवून ती पुढे निघून गेली.

देवरावांनी अंगठा रोपाच्या बुडाला टेकवला. करंगळी ताणली. करंगळीला जोडाची गाठ बरोबर लागली. त्यांचा चेहरा असा उजळला की पाहवेना.

"वीतभर," ते म्हणाले. "बरोबर. हे पहिलं लाव. माह्या हातचं समज."

ते रोप आणि त्याच्या ओळीतली चोवीस धुऱ्याच्या कडेने ओट्यांवर लागली. बाकीची दोनशे सपाट जमिनीत गेली. दोन पावसांत खड्ड्यांची माती दबली, झाडं खचली, तण काढताना डवऱ्याने ओढलेली माती खोडांवर चढली, आणि जोड कधी दिसेनासे झाले ते कळलंही नाही.

पहिली चार वर्षं झाडं छान वाढली. संत्र्याचं हेच वाईट, ते लवकर सांगत नाही. खोडाला पाणी लागू नये म्हणून प्रत्येक झाडाला दुहेरी आळं करायचं असतं, पाणी बाहेरच्या आळ्यात राहतं आणि खोड कोरडं. धर्मेंद्रने एकच आळं केलं, दुसरं दिवाळीनंतर करू म्हणाला. पावसाच्या आधी आणि नंतर खोडांना मोरचूद-चुन्याचा लेप द्यायचा असतो. त्याने मोरचूद आणला, पुडा दाराशी ठेवला, आणि तो ओल धरून निळा दगड झाला. इंदूबाईने तो दाराला अडण म्हणून लावला. तीन वर्षं धर्मेंद्र रोज त्या निळ्या दगडाला ओलांडून बाहेर जात होता. "हा मोरचूद हाय का घराचा देव?" इंदूबाई म्हणायची. "रोज दर्शन घेते, काम काई करत नाही." तो हसायचा. आईचं बोलणं त्याला आवडायचंच.

आणि एका डिसेंबरात तो नर्सरीत गेला तर त्याच्या पोत्यावर सूर्यभान बसलेला होता.

सूर्यभान गावातलाच, धर्मेंद्रपेक्षा दहा वर्षांनी लहान. देवरावांची नजर शाबूत असताना त्यांच्याच मागे बसून काम शिकलेला. धर्मेंद्रला पाहून तो अर्धवट उठला. खुशालराव बाजूलाच उभे होते. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"धर्मेंद्रा, यंदा तू पिशव्या भर," ते म्हणाले. "सूर्यभान बसते ओळीवर."

"काहून भाऊ?"

"नांदगावचा माणूस आलता. आपली बाग बसून राह्यली म्हने. म्या जाऊन पाह्यलं, जोड मातीत हायत समदे." खुशालरावांनी खाली पाहिलं. "तुह्या बापाच्या नावावर रोपं जात होते रे इथून."

धर्मेंद्रच्या ओठावर शब्द आले होते की पाऊस जास्त झाला, त्या माणसाने पाणी जास्त दिलं. ते त्याने गिळले. तो मातीच्या ढिगाऱ्याकडे गेला. माती, शेणखत, रेती कालवायची आणि काळ्या पिशव्यांत मुठीने दाबून भरायची, हे काम नर्सरीत म्हाताऱ्या बायांना देतात. त्या दिवशी तो त्यांच्यात बसला. एकीने सरकून त्याला जागा करून दिली. पलीकडे ज्योत्स्ना सूर्यभानच्या मागे पट्ट्या बांधत होती. दिवसभर तिने या बाजूला मान वळवली नाही, त्याला लाज वाटू नये म्हणून.

संध्याकाळी बाजेवरून आवाज आला, "किती झाले आज?"

ज्योत्स्ना उंबऱ्यातच थांबली.

"आठशे," धर्मेंद्र म्हणाला.

"वीतभर ना?"

"हाव बाबा."

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. मुलगी पायल अमरावतीला शिकायला होती. ती घरी नाही हे बरं झालं, असं ज्योत्स्नाला पहिल्यांदा वाटलं.

सहाव्या वर्षी जानेवारीत बाग फुलली. अशी फुलली की शेजारच्या वावरांतले लोक बघायला आले. फांदी दिसेना, नुसती पांढरी. नाल्यापलीकडून वास यायचा. धर्मेंद्र धावत घरी आला. किती वर्षांनी तो असा धावला होता! "बाबा, समदं पांढरं झालं! एक झाड सुटलं नाही!" इंदूबाईने गूळ वाटला. ज्योत्स्नानेही मनातली भीती झटकली. आपणच मेलं वाईट बघतो, असं तिला वाटलं. तिने एक फुललेली डहाळी आणून देवरावांच्या हातात ठेवली.

देवरावांनी आधी वास घेतला. मग बोटं डहाळीवरून फिरवली. एकदा फिरवली, उलटी फिरवली.

"पानं कुठी हायत?" त्यांनी विचारलं.

ज्योत्स्नाने डहाळीकडे पुन्हा पाहिलं.

"फूल एवढं अन् पान चिमटीएवढं. धर्मा, मराले टेकलं झाड बी असंच फुलते रे. जाता जाता समदं देऊन टाकते." त्यांनी डहाळी बाजेवर ठेवली. "माती उकर अन् खोडं पाह्य. उद्याच पाह्य."

"पाह्यली बाबा. साफ हायत," धर्मेंद्र म्हणाला.

त्याने पाहिली नव्हती. आता तो आळसही राहिला नव्हता. उकरलं तर काय दिसेल हे त्याला ठाऊक होतं, आणि न उकरता आणखी एक दिवस बाग त्याची राहत होती. असे कितीतरी दिवस त्याने काढले. पुढचा आठवडा, पुढचा महिना, मग उन्हाळा. फळं धरली, बोराएवढी झाली, लिंबाएवढी झाली. तो संध्याकाळी धुऱ्याच्या ओळीशी उभा राहून खर्रा चघळायचा आणि आत जायचा नाही.

ऑगस्टमध्ये झड लागली. अकरा दिवस सूर्य दिसला नाही. बाराव्या दिवशी ज्योत्स्ना वावरात गेली. झाडांखाली हिरव्या फळांचा सडा पडला होता. तिने तिसऱ्या ओळीतल्या एका झाडाशी बसून हाताने माती उकरली. जोड मातीखाली, बोटभर खोल होता. साल काळी पडली होती आणि तिच्यातून डिंक गळत होता. तिने नखाने दाबलं तर साल ओल्या कागदासारखी निघून आली, आणि कुजका वास आला.

ती घरी आली. दाराचा निळा दगड उचलला, ओसरीत नेऊन हातोड्याने फोडला. प्लास्टिकच्या बादलीत मोरचूद भिजवला, दुसरीत चुना. जुना ब्रश घेतला आणि सकाळी एकटीच गेली. भुरभुर पाऊस चालूच होता. एकेका झाडाची माती मागे ओढायची, सडकी साल खरवडायची, लेप लावायचा. पहिल्या दिवशी तिने अकरा झाडं केली. हाताची कातडी चुन्याने सोलली. दुसऱ्या दिवशी फडकी गुंडाळून गेली.

तिसऱ्या दिवशी ती खाली वाकलेली असताना मागून कोणी ब्रश काढून घेतला. धर्मेंद्र होता. त्याने खर्रा खाल्लेला नव्हता, हात धुतलेले दिसत होते.

दोघांनी दिवस मावळेपर्यंत काम केलं. तो फावड्याने अशी माती ओढत होता की जणू सहा वर्षांची एका दिवसात ओढणार होता. पण ब्रश लावला की साल ब्रशासोबत येत होती. एका झाडाला तर चहूबाजूंनी साल राहिली नव्हती, आणि वर मात्र फळं लटकत होती. तिथे तो खाली बसला.

"ज्योत्स्ना, मले मालूम होतं," तो म्हणाला. "तवाच मालूम होतं."

"मले बी होतं," ती म्हणाली.

तो रडला. तीही रडली. लग्नाला वीस वर्षं झाली होती, इतकं खरं ती दोघं कधी बोलली नव्हती. तिला वाटलं, आता हा घरी जाऊन सांगेल. झाडं गेली तर गेली, पण हा सांगेल. जेवताना ती वाट पाहत राहिली. देवरावांनी विचारलं, "झडीत काई झालं तर नाही ना?" आणि धर्मेंद्र म्हणाला, "थोडीशी गळ झाली बाबा. बाकी ठीक हाय."

दिवाळी झाली. नोव्हेंबरात देवरावांनी हेका धरला. "मले वावरात ने. फळ पिकलं असन." धर्मेंद्र उद्या नेतो म्हणाला. मग परवा म्हणाला. मग गाडीचं टायर पंक्चर आहे म्हणाला. पाचव्या दिवशी ज्योत्स्नाने स्वतः सासऱ्यांना धोतर नेसायला काढून दिलं आणि गाडीची चावी नवऱ्याच्या हातात ठेवली. "चला," ती म्हणाली. मोटारसायकलवर धर्मेंद्र पुढे, देवराव मध्ये, मागून ज्योत्स्ना त्यांना धरून, असे तिघं गेले.

धुऱ्याची ओळ हिरवीगार होती. बाकी वावरात दोनशे झाडं काड्या होऊन उभी होती. कुठे कुठे पिवळं पान, कुठे वाळलेल्या फांदीला लहानशी, उन्हाने करपलेली संत्री.

"माह्या हातचं कुठी हाय?" देवरावांनी विचारलं.

धर्मेंद्रने त्यांना धुऱ्यावरच्या पहिल्या झाडाशी नेलं. देवराव गुडघे धरून हळूहळू खाली बसले. अंगठा टेकवला, करंगळी ताणली. जोड वीतभर उंच होता. त्यांनी खोडावर वर-खाली हात फिरवला, जसा लेकराच्या पाठीवर फिरवतात तसा. "वा," ते म्हणाले. "वा रे धर्मा." आणि धर्मेंद्रला क्षणभर वाटलं, एवढ्यावरच परत जाता येईल.

"आता आतल्या ओळीले ने."

"तिकडं चिखल हाय बाबा. उद्या..."

"या मामाजी," ज्योत्स्ना म्हणाली. तिने सासऱ्यांचा हात धरला आणि ती त्यांना तिसऱ्या ओळीत घेऊन गेली. तिच्या पायाखाली वाळलेली पानं वाजत होती. देवरावांनी ती ऐकली असणार. नोव्हेंबरात संत्र्याखाली असा आवाज येत नाही.

ते बसले. अंगठा टेकवला. करंगळी ताणली. तिथे नुसतं खोड होतं. करंगळी खाली खाली येत गेली आणि मातीला लागली. मग त्यांनी दोन्ही हातांनी माती उकरली. ज्योत्स्नाने ऑगस्टमध्ये ओढलेली माती पावसाने परत आली होती. बोटं आत गेली, जोडापाशी थांबली. तिथल्या कापावरून ती बराच वेळ फिरली. चाकूचा तो जरासा तिरपा काप, वरून खाली येताना उजवीकडे कललेला. तो हात त्यांनीच सात वर्षांच्या पोराचा आपल्या हातात धरून वळवला होता. वाळलेला डिंक त्यांच्या नखांत भरला.

त्यांनी हात बाहेर काढला आणि धोतराला पुसला.

"हे तं सूर्यभाननं बांधले असतीन," ते म्हणाले. "त्याचा हात कधीमधी खाली जाते."

सूर्यभानचा हात कधी खाली गेला नव्हता. हे देवरावांना ठाऊक होतं, धर्मेंद्रला ठाऊक होतं आणि ज्योत्स्नाला ठाऊक होतं. ज्योत्स्ना नवऱ्याकडे पाहत होती. सांगा, असं तिचं सगळं अंग म्हणत होतं. म्हाताऱ्यानेही तोंड त्याच्याच दिशेला धरलं होतं. वावरात वारा नव्हता.

"हाव बाबा," धर्मेंद्र म्हणाला.

देवरावांनी मान हलवली. मग म्हणाले, "याचं एक फळ दे."

"मामाजी, धुऱ्यावरचं देतो ना," ज्योत्स्ना घाईने म्हणाली. "ते चांगले भरलेत."

"नाही. याचंच दे."

तिने फांदीवरचं एक फळ तोडलं, मुठीत मावेल एवढं. देवरावांनी ते सोललं. साल जाड, आतल्या फोडी कोरड्या, पांढऱ्या. एकेक फोड त्यांनी दोघांच्या हातात दिली, एक आपल्या तोंडात टाकली आणि सावकाश चावून गिळली.

"गोड हाय," ते म्हणाले.

धर्मेंद्रने आपली फोड तोंडात टाकली. नुसता चोथा होता, आंबट आणि शेवटी कडू. त्याला ती थुंकताही येईना आणि गिळताही येईना. चारचौघांत आंबटाला आंबट म्हणणारा त्याचा बाप त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला होता, आणि ते त्याच्यासाठी बोलला होता.

दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र नर्सरीत गेला, पिशव्या भरल्या, संध्याकाळी घरी आला. अंगणातल्या रांजणावर हात धुतले. देवराव बाजेवर बसलेले होते. पावलं त्यांनी ऐकली होती, पाण्याचा आवाजही ऐकला होता. धर्मेंद्र ओसरीच्या पायरीवर बसून वाट पाहत राहिला. इंदूबाईने चूल फुंकली. समोरच्या घरात टीव्ही लागला. देवराव काही विचारेनात.

आणि मग धर्मेंद्रला आपलाच आवाज ऐकू आला.

"आठशे झाले आज, बाबा. वीतभर."

देवराव बाजेवर आडवे झाले आणि त्यांनी भिंतीकडे कूस वळवली. ज्योत्स्नाने त्यांच्यासाठी वाढलेलं ताट झाकून ठेवलं.